आर्सचा पाद्री : एकेचाळीस वर्षं एकाच गावात, आणि तरी सतत पळायच्या तयारीत

सोनकाठ (धागाकर्ता)

फ्रान्समधल्या ल्योंमध्ये रविवारी कुठे जाऊ असं कुणालाही विचारलं की बोज्योलेचे द्राक्षमळे सुचवतात. आर्स मला सुचवलं ते वसईच्या एका मित्राच्या आईने, फोनवर. "तिथे राहतोस आणि संत जॉन व्हियानीच्या गावाला अजून गेला नाहीस?" मी ख्रिस्ती नाही, पण काकूंचा शब्द मोडायची सोय नाही. गेलो. आल्यावर जे वाचत सुटलो त्यातून हा धागा.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: जाँ-मारी व्हियानी, जन्म ८ मे १७८६, ल्योंजवळच्या दार्दियी गावात, शेतकऱ्याच्या घरी. १८१८ साली आर्स नावाच्या खेड्यात पाद्री म्हणून आला आणि ४ ऑगस्ट १८५९ ला तिथेच वारला. मोठं पद नाही, ग्रंथ नाही. संस्था म्हणावी तर मुलींची एक शाळा, तीही डोळ्यांदेखत हातातून गेली. तरी १९२५ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्याला संत घोषित केलं, आणि १९२९ मध्ये जगभरच्या धर्मग्रामांतल्या (म्हणजे एकेका चर्चखालच्या वस्त्यांतल्या) पाद्र्यांचा आश्रयदाता संत.

लहानपण फ्रेंच क्रांतीतलं. नव्या राजवटीची शपथ घ्यायला नकार देणारे पाद्री तेव्हा वेषांतर करून फिरायचे, रात्री कुणाच्या तरी घरात मिस्सा (ख्रिस्ती सामूहिक उपासना) व्हायची. १७९९ मध्ये या पोराने पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला तो एक्युलीतल्या एका घरात. आतला उजेड रस्त्यावरून दिसू नये म्हणून खिडक्यांसमोर गवताने लादलेल्या गाड्या आणून लावल्या होत्या. पाद्री होण्यात जिवाची जोखीम असते हे त्याने आधी पाहिलं, लॅटिनचं पुस्तक नंतर.

आणि लॅटिन काही केल्या डोक्यात शिरेना. विशीतला घोडा, सोबतीला बारा-चौदा वर्षांची पोरं. एक्युलीचे धर्मगुरू आबे बाले त्याला स्वतःजवळ ठेवून शिकवायचे. मातियास लोरास नावाचा एक हुशार मुलगा याच्या मठ्ठपणाला वैतागला आणि त्याने एकदा याच्या थोबाडीत मारली. व्हियानीने गुडघे टेकून उलट त्याचीच माफी मागितली. (हा लोरास पुढे अमेरिकेत डब्युकचा पहिला बिशप झाला.) ल्योंच्या सेमिनरीने (पाद्री घडवणाऱ्या विद्यालयाने) व्हियानीला काढूनच टाकलं होतं. बाले मध्ये पडले, पुन्हा तपासणी झाली, आणि १३ ऑगस्ट १८१५ ला ग्रनोबलला गुरुदीक्षा मिळाली. वॉटर्लूला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते, मुलखात ऑस्ट्रियन सैन्य पसरलेलं, आणि हा एवढं अंतर पायी, एकटा गेला. यातली खरी मजा पुढे आहे. दीक्षा दिली, पण पापनिवेदन (माणसं आपली पापं पाद्र्याला एकांतात सांगून क्षमा मागतात ते) ऐकायची परवानगी लगेच दिली नाही. ते अवघड काम याला झेपेल असं वरिष्ठांना वाटेना.

आर्स तेव्हा अवघ्या २३० वस्तीचं. स्वतंत्र धर्मग्रामाचा दर्जासुद्धा १८२१ मध्ये मिळाला. एवढ्याशा गावात दारूचे चार गुत्ते. व्हियानी आला तेव्हा धुक्यात वाट चुकला आणि एका गुराखी पोराला म्हणाला, तू मला आर्सची वाट दाखव, मी तुला स्वर्गाची दाखवतो. या प्रसंगाचा पुतळा गावाबाहेर आहे आणि गोष्ट प्रत्येक माहितीपत्रकात आहे, म्हणून आवरतं घेतो.

मला अडकवलं ते वेगळ्याच गोष्टीने. हा माणूस आर्समधून निघून जायला कायम टपलेला होता. १८४० मध्ये एका रात्री निघाला आणि वाटेतल्या क्रुसापाशी विचार बदलून परतला. १८४३ मध्ये मोठ्या आजारातून उठल्यावर थेट दार्दियीला भावाच्या घरी गेला. दोन दिवस बरे गेले असतील नसतील, तोच यात्रेकरू पत्ता काढत तिथे हजर! शेवटी गावाच्या घंटा वाजत असताना पुन्हा आर्समध्ये.

सगळ्यात नाट्यमय १८५३ चा सप्टेंबर. मध्यरात्री निघायचा बेत शाळेच्या कॅथरीन लासान्यला कळला होता, तिच्याकडून ब्रदर आतानाझना आणि त्यांच्याकडून नवे सहायक धर्मगुरू तोकानिये यांना. फोंब्लाँ नावाच्या ओढ्यापाशी कंदिलाच्या उजेडात सगळ्यांनी म्हाताऱ्याला गाठलं. तोकानियेंनी त्याच्या हातातलं प्रार्थनेचं पुस्तकच काढून घेतलं. पुस्तक नाही तर ठरलेल्या प्रार्थना कशा म्हणणार? घरी दुसरी प्रत आहे, चला परत. तोवर चर्चची घंटा घणघणायला लागली होती. आग लागली असं समजून कुणी बादल्या घेऊन, कुणी काठ्या घेऊन धावले. पापनिवेदनासाठी मुक्कामी असलेले परगावचे लोक रडायला लागले. म्हातारा गर्दीतून वाट काढत चर्चमध्ये गेला, पांढरा अंगरखा चढवला आणि पापनिवेदनाला बसला. नंतर म्हणाला, पोरखेळ केला मी.

त्याला जायचं होतं एखाद्या मठात, "आपल्या पापी आयुष्यावर रडायला". गावातल्या प्रत्येक जिवाचा हिशेब देवाला आपल्यालाच द्यावा लागणार, ही धास्ती त्याला शेवटपर्यंत सोडून गेली नाही. पाद्र्यांचा आदर्श म्हणून नेमका हाच का निवडला असेल, यावर वसई-गोव्याकडची मंडळी लिहितील तर वाचायला आवडेल.

पानवेल

झकास. वसईची हजेरी लावते.

आमच्या धर्मग्रामात ४ ऑगस्टला फादरांचा दिवस असतो. शाळेची मुलं पुष्पगुच्छ देतात, कोणीतरी हमखास एक लांबलेलं भाषण करतं, आणि व्हियानींच्या बटाट्यांचा उल्लेख त्यात येतोच. ते आठवड्याचे बटाटे एकदम उकडून ठेवायचे आणि शेवटी शेवटी बुरशी आलेलेसुद्धा खायचे, हे आम्ही पहिलीपासून ऐकतोय.

पण ज्यांच्याकडे ही प्रथा नाही त्यांना पापनिवेदन म्हणजे काय ते नीट कळावं म्हणून लिहिते. उपवासकाळात, पवित्र आठवड्याच्या आधी, आमच्याकडे आजूबाजूच्या धर्मग्रामांतून चार-सहा फादर बोलावतात. चर्चमध्ये कोपऱ्या-कोपऱ्यात खुर्च्या मांडलेल्या. सगळ्यात लांब रांग बाहेरच्या, अनोळखी फादरांपुढे. आपल्या फादरांना आवाज ओळखू येतो ना! आमच्या आत्याबाई तर नवीन फादर कुठल्या गावचे, त्यांच्या ओळखीत आपलं कोण, एवढी चौकशी करून मग रांग धरतात.

तर आर्समध्ये हे वर्षभर, रोज. व्हियानी रात्री एकच्या सुमारास कंदील घेऊन चर्चमध्ये यायचे. बायकांचं पापनिवेदन संत योहान बाप्तिस्ता यांच्या छोट्या चॅपेलमध्ये, पुरुषांचं वेदीमागच्या खोलीत. मध्ये मिस्सा, अकराला धर्मशिक्षण, जेवण म्हणजे उभ्या उभ्या चार घास, आणि पुन्हा बसायचं. हिवाळ्यात अकरा-बारा तास, उन्हाळ्यात सोळापर्यंत. १८५५ च्या सुमारास वर्षाला वीसेक हजार माणसं येत होती. नंबर लागायला दिवस मोडायचे, म्हणून ल्यों स्टेशनात आर्सची वेगळी खिडकी आणि आठ दिवस चालणारं परतीचं तिकीट निघालं होतं. ज्यांना परवानगी द्यायला वरिष्ठ कचरत होते त्यांच्यासाठी रेल्वेने खिडकी उघडली!

बाकी, पळून जाण्याबद्दल. आमच्या फादरांना विचाराल तर प्रत्येक जण म्हणेल, मनात एकदा तरी आलेलं असतं.

खवट

लेख चांगला, पण नेहमीप्रमाणे संतांच्या गोष्टीतलं अडचणीचं गाळलंय.

गुत्ते बंद केले, मान्य. चर्चजवळचे दोन आधी बसले, मग उरलेले दोन, नंतर कुणी कुणी नवे काढून पाहिले तेही टिकले नाहीत. पण नाचाचं काय? सणाला गावातली पोरंपोरी नाचायची, तर या गृहस्थाने नाचणाऱ्यांना पापक्षमाच नाकारली. एक-दोन महिने नव्हे, एकेकीला वर्षानुवर्षं. व्हायोलिनवाल्याला ठरलेल्या बिदागीच्या दुप्पट पैसे देऊन आल्या पावली परत पाठवलं. आणि सुरुवातीची प्रवचनं? बरीचशी जुन्या प्रवचनसंग्रहांतून उतरवलेली, त्यात नरक, आग आणि शाप. शेतकऱ्याला सहा दिवस राबून एक संध्याकाळ मिळते, तीही तुम्ही काढून घेणार. अशा माणसाला आदर्श म्हणताना निदान एक ठसका तरी लागावा.

सोनकाठ

@खवट, लागला होता. गाळलं नव्हतं, लांबी वाढली म्हणून ठेवून दिलं होतं.

पानवेल यांनी ज्या चॅपेलचा उल्लेख केला त्याच्या कमानीवर एक ओळ रंगवलेली आहे: "त्याचं शिर ही एका नाचाची किंमत होती." हेरोदच्या दरबारात मुलगी नाचली आणि बक्षीस म्हणून योहानाचं शिर मागितलं, ती बायबलमधली कथा. म्हणजे ज्या चॅपेलमध्ये बायका पापनिवेदनाला बसणार, तिथे मान वर केली की नाचाबद्दलचा निकाल आधीच लिहून ठेवलेला. मी तिथे उभा राहून ती ओळ वाचली तेव्हा मला ती आवडली नाही, आजही आवडत नाही.

पण तो तिथेच थांबला नाही, हेही लिहायला हवं. त्या काळच्या फ्रान्समध्ये पाद्र्यांचं शिक्षणच कडक वळणाचं होतं, बाले स्वतः तसेच. पुढे इटलीचे संत आल्फोन्सस लिगोरी यांचा सौम्य मार्ग फ्रान्समध्ये पोचला आणि वयाबरोबर व्हियानीही निवळला. हजारो अनोळखी माणसांची रडगाणी ऐकून निवळला असेल असा माझा अंदाज. उतारवयात त्याला कुणीतरी विचारलं, एवढ्या मोठ्या पाप्यांना प्रायश्चित्त इतकं लहान कसं देता? तर म्हणाला, थोडं त्यांना देतो, बाकीचं त्यांच्या वतीने मी करतो. प्रवचनंही बदलली. शेवटच्या वर्षांत दात पडलेले, आवाज चिरका, मागच्या बाकावर शब्द कळत नसत. वेदीकडे बोट करून "तो तिथे आहे" एवढंच म्हणत रडायचा आणि लोकही रडायचे.

जुनाबाजार

एक मोठा प्रसंग राहिलाय. हे संत लष्करातून फरार होते.

१८०९ मध्ये नेपोलियनला स्पेनच्या मोहिमेसाठी माणसं हवी होती. पाद्री होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना सूट असायची, पण याचं नाव यादीत नव्हतं. भरती झाली, हा आजारी पडला, आधी ल्योंच्या आणि मग रोआनच्या इस्पितळात. बरा होऊन निघाला तर पलटण पुढे गेलेली. गाठायला म्हणून चालत सुटला, वाटेत एक तरुण भेटला, म्हणाला चल माझ्याबरोबर, आणि त्याने नेऊन सोडलं ले नोएच्या डोंगरात, फरारींच्या टोळक्यात. तिथे 'जेरोम व्हिन्सेंट' या नावाने हा गावातल्या पोरांना शिकवत राहिला. शिपाई झडतीला आले की गोठ्यातल्या गवताखाली दडायचं. एकदा शोधणाऱ्याच्या तलवारीचं टोक अंगाला लागलं, तरी हूं की चूं केलं नाही म्हणतात. १८१० मध्ये नेपोलियनने मारी-लुईशी लग्न केलं, त्या आनंदात फरारींना माफी मिळाली. व्हियानीच्या बदल्यात धाकटा भाऊ फ्रांस्वा फौजेत गेला, हा हिशेब मात्र चरित्रकार पटकन उरकतात.

क्रांतीने चर्चची जमीन-मालमत्ता घेतली, नेपोलियन आणि पोप यांच्यातल्या १८०१ च्या करारानंतर दारं पुन्हा उघडली, पण मधल्या दहा-बारा वर्षांत गावंच्या गावं पाद्रीविना राहिली होती. आर्समधला धर्म सुटला तो लोक वाईट होते म्हणून नव्हे. लग्न, बारसं, मयत सगळं पाद्र्याशिवाय निभावता येतं याची सवय झाली होती. व्हियानीसारखे अर्धशिक्षित उमेदवार दीक्षेला चालून गेले तेही यामुळेच. मनुष्यबळाचा दुष्काळ होता. "तो धार्मिक आहे का? माळ जपतो का? मग बाकीचं देवाची कृपा बघून घेईल" अशा थाटात ल्योंच्या अधिकाऱ्यांनी त्याला पास केलं.

खवट

म्हणजे पळायची सवय जुनीच. :)

मांडवी

गोंयचो नमस्कार. आमच्याकडे पापनिवेदनाला कुमसार म्हणतात, आणि कुमसाराला जाताना आजीच्या चेहऱ्यावर जी गंभीर कळा यायची ती मी इतर कुठे पाहिली नाही.

मी लिहायला आलेय ती फिलोमिनाबद्दल. मागच्या पिढीत गोव्यात दर वाड्यावर एक तरी फिलोमिना सापडायची, आणि म्हैसूरचं ते दोन उंच मनोऱ्यांचं कॅथेड्रलही तिच्याच नावाचं. ही संत इतकी पसरली त्यात आर्सच्या पाद्र्याचा मोठा हात आहे. १८०२ मध्ये रोमच्या भुयारी दफनभूमीत एका मुलीची कबर सापडली, वरच्या फरशांवरून नाव जुळवलं, फिलोमेना. ल्योंच्या पोलीन जारिकोने तिच्या अस्थींचा अंश व्हियानीला दिला. आर्समध्ये कुणी बरं झालं, कुणाच्या कुबड्या सुटल्या की हा म्हणायचा, मी काही केलं नाही, फिलोमिनाने केलं, तिच्याकडे जा. श्रेय चिकटू नये म्हणून त्याने पुढे केलेली ढालच ती. पुढे अभ्यासकांनी शंका काढल्या आणि १९६१ मध्ये रोमने तिचा सण दिनदर्शिकेतून काढायला लावला. माझ्या एका मावशीचं नाव फिलोमिना. तिला हे कुणी सांगायचं?

पोलीन जारिको हे प्रकरण वेगळ्या धाग्याचं आहे. आठवड्याला एक सू (फ्रेंच चिल्लर नाणं) प्रत्येकाने द्यायचा आणि दहा-दहा जणांचे गट करायचे, या पद्धतीने तिने गिरणी कामगार मुलींकडून जो निधी उभा केला त्यातून १८२२ मध्ये धर्मप्रसाराची संस्था निघाली आणि आशियातल्या मिशनांना पैसा गेला. २०२२ मध्ये ल्योंलाच तिला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

फळा_खडू

शाळेबद्दल कुणी लिहाल का? धाग्याच्या सुरुवातीला "हातातून गेली" एवढंच आहे. मी निवृत्त शिक्षिका, मला त्याच्या बटाट्यांपेक्षा त्यात जास्त रस आहे.

सोनकाठ

लिहितो, बाई. मलाही तोच भाग सगळ्यात जास्त लागला.

१८२४ मध्ये त्याने चर्चजवळ एक घर घेतलं आणि तिथे मुलींसाठी फुकट शाळा काढली. नाव 'प्रोव्हिडन्स'. शिकवायला बाहेरून कुणी आणलं नाही. गावातल्याच कॅथरीन लासान्य आणि बन्वात लार्दे या दोन शेतकरी मुलींना शेजारच्या फारांच्या नन्सकडे काही काळ शिकायला पाठवलं आणि त्यांच्यावर शाळा सोपवली. हळूहळू अनाथ, रस्त्यावर भीक मागणाऱ्या, मोलकरणीचं काम सुटलेल्या मुली राहायला यायला लागल्या, एका वेळी साठपर्यंत. लिहिणं-वाचणं, शिवण, धुणं, स्वयंपाक. पैसा यायचा कुठून? देणगीदारांकडून, वाड्यातल्या बाईसाहेबांकडून, आणि व्हियानी स्वतःच्या वस्तू विकायचा त्यातून. त्याचं धर्मशिक्षण मुळात या मुलींसाठी सुरू झालं, परगावचे लोक दारात उभे राहून ऐकायला लागले म्हणून ते चर्चमध्ये हलवावं लागलं.

नंतर तक्रारी वाढल्या. शिक्षिकांकडे सनद नाही, जागा कोंदट, हिशेब सगळा भगवान भरोसे. धान्याचं कोठार रिकामं असताना प्रार्थनेनंतर भरलेलं सापडलं, ही तिथली प्रसिद्ध आख्यायिका. सरकारी तपासनीसाला असला जमाखर्च कसा चालणार? गावातल्यांचीही नाराजी होती, आणि बिशपांच्या कार्यालयालाही घडी नीट बसवायची होती. १८४७ मध्ये शाळा संत जोसेफच्या नन्सकडे सुपूर्द झाली आणि अनाथाश्रम बंद पडला. कॅथरीनने आपली अर्धी हयात तिथे घातली होती. तिने व्हियानीच्या जिवंतपणीच त्याच्याबद्दलच्या आठवणी लिहून ठेवायला सुरुवात केली होती, आणि पुढे संतपदाच्या चौकशीत सगळ्यात भरवशाची साक्ष तिचीच ठरली. तिच्या लिखाणात तक्रारीचा सूर नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

नव्या नन्स प्रशिक्षित होत्या, शाळा नीट चालली. तरी व्हियानी म्हणाला, बिशपांना यात देवाची इच्छा दिसते, मला काही दिसत नाही.

फळा_खडू

धन्यवाद. सनद नसलेल्या गावातल्या मुलींनी तेवीस वर्षं शाळा चालवली, आणि नाव पाद्र्याचं झालं. हे सगळीकडे सारखंच दिसतं.

पानवेल

बाईंशी सहमत. आमच्याही धर्मग्रामात कॅथरीन आहेत, चर्चची फुलं, मुलांचं धर्मशिक्षण, आजाऱ्यांच्या घरी जाणं त्याच बघतात. फादर बदलतात, त्या तिथेच.

ते बदलीचंच लिहायचं होतं. आमच्याकडे काही वर्षं झाली की फादरांची बदली होतेच. मे महिन्यात निरोप समारंभ, जूनमध्ये नवीन फादर. रडारड होते, पण व्यवस्था चांगली आहे असं माझं मत. एकच माणूस चाळीस वर्षं राहिला तर चर्च त्याच्या मालकीचं वाटायला लागतं, त्यालाही आणि लोकांनाही. आर्समध्येही १८२० मध्ये बदलीचा हुकूम आला होता, बोज्योलेतल्या साल गावी. सामान घेऊन निघाले तर सोन नदीला पूर, ओलांडता येईना. तेवढ्या अवधीत गावकरी ल्योंला जाऊन हुकूम रद्द करून आले. पूर आला नसता तर आज आर्सला कुणी ओळखलं नसतं.

आणखी एक. वसईत पाद्री म्हटलं की बाहेरच्यांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवतात. 'सुवार्ता' मासिकाचं संपादन, हरित वसईचं आंदोलन, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. २०२४ च्या जुलैत ते गेले तेव्हा सगळ्या धर्मांची माणसं आली होती. व्हियानी याच्या अगदी उलट टोकाला, सोळा तास एका लाकडी खोक्यात. मला दोन्ही हवेत. पण संमेलनाध्यक्ष होणाऱ्या फादरांना वर्तमानपत्र मिळतं, मध्यरात्री आजाऱ्याच्या घरी जाणाऱ्याला मिळत नाही, म्हणून आश्रयदाता संत दुसऱ्या प्रकारचा निवडला तर मी तक्रार करणार नाही.

खवट

त्या सैतानाबद्दल कुणीच बोलत नाहीये. पस्तीसेक वर्षं रात्री पडदे फाटायचे, जिन्यावर घोडे दौडायचे, आणि हे साहेब त्याला 'ग्रापाँ' असं टोपणनाव ठेवून झोपायचा प्रयत्न करायचे. एका दिवशी बिछाना जळाला तर म्हणे, पक्षी सापडला नाही म्हणून पिंजरा जाळला. वाक्य फर्मास आहे, मानलं. पण दोन-तीन तास झोप आणि बुरशीचे बटाटे यावर माणसाला काय काय ऐकू येईल?

मांडवी

शेजारचे पाद्रीही तेच म्हणायचे, नीट जेवा म्हणजे आवाज थांबतील. म्हणजे तुम्ही १८२५ सालच्या फ्रेंच पाद्र्यांच्या पंगतीत बसलात, अभिनंदन!

जुनाबाजार

शेजारच्या पाद्र्यांवरून. ते त्याच्यावर बरेच जळायचे. आपापल्या गावची माणसं उठून आर्सला जातात म्हटल्यावर काय होणार? एकाने पत्र लिहिलं की इतकं कमी धर्मशास्त्र येणाऱ्याने पापनिवेदनाला बसूच नये. व्हियानीने उत्तरात आभार मानले आणि वर, मला इथून काढायला मदत करा अशी विनंती केली. त्याच्याविरुद्ध तक्रारअर्ज फिरत होता, तो चुकून त्याच्याच हाती आला तर त्यावर त्यानेही सही ठोकून पुढे पाठवला, अशी गोष्ट सांगतात. नम्रता म्हणून सांगतात. मूळ लेखातली पळापळ वाचल्यावर मला वाटतं, त्या सहीत नम्रतेपेक्षा स्वार्थ जास्त होता. बदली झाली तर बरीच!

१८५२ मध्ये बिशपांनी मानाचा खांद्यावरचा झगा जबरदस्तीने अंगावर घातला, तर तो पन्नास फ्रँकला विकून पैसे दान. १८५५ मध्ये सम्राटाने लेजियन ऑफ ऑनर हा सरकारी सन्मान दिला तर पहिला प्रश्न, याबरोबर गरिबांसाठी पैसे येतात का? येत नाहीत? मग राहू द्या.

एक कडवट भाग नोंदवून ठेवतो. २००९ मध्ये त्याच्या मृत्यूला १५० वर्षं झाली म्हणून पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जगभर 'धर्मगुरू वर्ष' जाहीर केलं. नेमक्या त्याच वर्षात युरोपभर पाद्र्यांनी केलेल्या बाललैंगिक अत्याचारांची प्रकरणं एकामागून एक बाहेर पडली. जून २०१० मध्ये समारोपाच्या मिस्सेत पोपना क्षमा मागावी लागली. लोकांनी पाद्र्यावर किती आंधळा भरवसा टाकावा हा प्रश्न आर्सच्या रांगेलाही विचारायला हवा. रांगेतल्या माणसाचं नशीब चांगलं, म्हणून त्याला समोर व्हियानी भेटला.

पानवेल

@जुनाबाजार, हे लिहिलंत ते बरं केलंत. चर्चमधल्या भाषणांत हे येत नाही.

निवांत

धागा सलग वाचला. मला चमत्कार, सैतान कशातच गती नाही, पण त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून लिहितो. शाफांजाँ नावाचा एक अडाणी शेतकरी कुदळ-फावडं बाहेर टेकवून चर्चमध्ये तासन्‌तास नुसता बसायचा. ओठ हलत नाहीत, माळ नाही. व्हियानीने विचारलं, काय बोलतोस देवाशी? तो म्हणाला, काही नाही, मी त्याच्याकडे बघतो, तो माझ्याकडे बघतो. पंढरपूरला हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही आता हे वाक्य आहे.

बरं, सप्टेंबरात कामानिमित्त ल्योंला येतोय. आर्सला जायचं कसं? आणि काय पाहू, काय सोडू?

सोनकाठ

@निवांत, ल्योंहून लोकल ट्रेनने विलफ्रांश-स्युर-सोन. पुढे दहाएक किलोमीटर, टॅक्सी आधीच सांगून ठेवा, स्टेशनाबाहेर उभ्या असतीलच असं नाही. विलफ्रांशहून सायकलवरही जाता येतं, वाटेत ती सोन नदी ओलांडता.

जुनं छोटं चर्च पाडलेलं नाही, त्यालाच मागून मोठी बॅसिलिका जोडली आहे. काम पिएर बॉसाँचं, ल्योंच्या टेकडीवरचं फूर्व्हिएर चर्च बांधणारा तोच. काचेच्या पेटीतलं शरीर तिथे आहे, चेहऱ्यावर मेणाचा मुखवटा. मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही. त्यापेक्षा शेजारचं त्याचं राहतं घर बघा, जवळजवळ होतं तसं ठेवलंय. वर जळक्या खुणांचा पलंग, खाली स्वयंपाकघरात बटाट्यांचं भांडं. 'प्रोव्हिडन्स'ची इमारतही जवळच आहे, फळा_खडू बाईंच्या वतीने तिथे चक्कर माराच. जमिनीखालचं १९६० च्या सुमाराचं काँक्रीटचं मोठं चर्च वेळ असेल तरच. मेणाच्या पुतळ्यांचं एक प्रदर्शन आहे, ते बिनधास्त सोडा.

तारीख कळवा, रविवार असेल तर मीही येतो.